वीगन घरातले लहान मूल आणि सुक्या मेव्याच्या ॲलर्जीची शंका

इंदूरच्या मराठी घरात दाण्याच्या कुटाचा डबा ओट्यापासून फार लांब ठेवलेला नसतो. खमंग काकडी, भरली वांगी, उपवासाची खिचडी, एखादी पालेभाजी, यांपैकी काहीतरी रोज होतेच आणि कूट पडल्याशिवाय त्याला चव आली असे आपण मानत नाही. ज्या कुटुंबाने दूध, दही, तूप आणि मधसुद्धा वर्ज्य करून संपूर्ण वनस्पतीजन्य, म्हणजे वीगन आहार स्वीकारला आहे, त्या घरात दाणे, काजू आणि बदाम यांच्यावरची भिस्त आणखी वाढते, कारण दुधाच्या जागी बदामाचे दूध, दह्याच्या जागी दाण्याचे दही आणि पनीरच्या जागी काजूचे वाटण येते. अशा घरातल्या दीड वर्षाच्या मुलाने काजूची खीर खाल्ली आणि दहा मिनिटांत त्याच्या ओठांभोवती व गळ्यावर गांधी उठल्या, तर आई-वडील घाबरून त्याच दिवशी काजू, बदाम, दाणे, तीळ, नारळ असे सगळेच बंद करून टाकतात. घाबरणे स्वाभाविक आहे; सगळे बंद करणे मात्र बहुतेक वेळा अनावश्यक असते आणि वीगन मुलाच्या बाबतीत ते महागात पडते. संशयित पदार्थ तत्काळ थांबवावा, त्याच्या जवळच्या नात्यातले पदार्थही थांबवावेत, तज्ज्ञांकडून शंकेचे निरसन लवकर करून घ्यावे आणि मूल आजवर जे विनातक्रार खात आले आहे ते तसेच चालू ठेवावे, हा मार्ग अधिक सुरक्षित आहे.

शरीर नेमके कशावर चिडते

ॲलर्जी आणि अपचन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेरून आलेल्या जंतूंशी लढण्यासाठी शरीराची जी संरक्षणव्यवस्था असते, ती कधीकधी काजूतल्या किंवा दाण्यातल्या एखाद्या निरुपद्रवी प्रथिनालाच शत्रू समजते आणि त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार करून ठेवते. ही प्रतिपिंडे त्वचेत, आतड्यांत आणि श्वासमार्गात असलेल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पुढच्या वेळी तेच प्रथिन पोटात गेले की या पेशी हिस्टामिन आणि इतर रसायने एकदम सोडतात आणि त्यामुळे गांधी, सूज, उलटी, खोकला अशी लक्षणे दिसू लागतात. हे सारे बहुधा काही मिनिटांत आणि जवळजवळ नेहमी दोन तासांच्या आत घडते. काल रात्री काजू खाल्ले आणि आज संध्याकाळी पुरळ आले, तर त्याचे कारण काजू असण्याची शक्यता कमी असते. खाल्ल्यानंतर एक ते चार तासांनी वारंवार उलट्या होऊन मूल गळून जाणे, असा एक वेगळ्या जातीचा, आयजीईशी संबंध नसलेला प्रकारही लहान मुलांत आढळतो आणि तोही डॉक्टरांना सांगण्यासारखा आहे.

आपण ज्याला सरसकट सुका मेवा म्हणतो तो शरीराच्या दृष्टीने एक पदार्थ नाही. शेंगदाणा तर झाडाचा मेवाच नव्हे. तो तूर, मूग आणि हरभऱ्याच्या कुळातला, शेंगेत जमिनीखाली वाढणारा दाणा आहे. काजू आणि पिस्ता एकाच कुळातले आहेत आणि त्यांची प्रथिने इतकी सारखी असतात की एकाची ॲलर्जी असेल तर तपासणी होईपर्यंत दुसऱ्यालाही हात लावू नये. आपल्या श्रीखंडावरची चारोळीसुद्धा त्याच कुळातली आहे, हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही, म्हणून काजूची शंका असेल तर चारोळीबद्दलही डॉक्टरांना विचारावे. अक्रोड आणि पेकन ही अशीच दुसरी जोडी. बदामाचे नाते जर्दाळू आणि पीच यांच्याशी आहे, काजूशी नाही. नारळ, जायफळ आणि मिठाईत पडणारा मगज, म्हणजे खरबूज-कलिंगडाच्या सोललेल्या बिया, यांची गणना या मेव्यात होत नाही आणि काजूची ॲलर्जी आहे म्हणून ते बंद करण्याचे कारण नसते. म्हणजे काजूने त्रास झालेल्या मुलाचे दाणे, बदाम आणि नारळ हे सारे एका झटक्यात बंद करणे शास्त्राला धरून नाही. मात्र ज्या मेव्याची चव मुलाने अजून घेतलेलीच नाही, तो अशा प्रसंगानंतर घरी प्रयोग म्हणून प्रथमच देऊ नये.

ॲलर्जी टाळण्याचा उपाय म्हणून हे पदार्थ उशिरा सुरू करावेत, असा सल्ला एकेकाळी बालरोगतज्ज्ञही देत असत. अमेरिकेत २००० साली ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा न देण्याची शिफारस होती आणि ती २००८ मध्ये मागे घेण्यात आली. त्यानंतर लंडनमध्ये गिडियन लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र एक्झिमा (त्वचेवर कोरडे, खाजरे चट्टे उठण्याचा विकार) किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या ६४० तान्ह्या मुलांवर केलेला आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास निर्णायक ठरला: ज्यांना चार ते अकरा महिन्यांच्या वयात शेंगदाणा सुरू करून नियमित दिला गेला, त्यांच्यात पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे तीन टक्के मुलांत आढळली, तर ज्यांना तो टाळायला सांगितले होते त्यांच्यात सतरा टक्क्यांच्या आसपास. यामागची आजची समजूत अशी की तोंडावाटे पोटात गेलेल्या प्रथिनाला शरीर सहसा स्वीकारते, पण तेच प्रथिन एक्झिमाने फाटलेल्या त्वचेतून आत शिरले तर शरीर त्याच्याविरुद्ध उभे राहण्याची शक्यता वाढते.

आपल्याकडे यावरून दोन गोष्टींचा विचार व्हायला हवा. बाळाला बदामाच्या तेलाने मालिश करण्याची पद्धत घरोघरी आहे आणि निरोगी त्वचेच्या बाळाच्या बाबतीत त्याची चिंता करण्याचे कारण नाही. पण ज्याच्या कोपराच्या आणि गुडघ्याच्या घडीत खाजरे, लालसर, कोरडे चट्टे आहेत, त्या बाळाच्या अंगाला बदामाचे, दाण्याचे किंवा तिळाचे तेल चोळू नये. दुसरी गोष्ट गुटीची. सहाणेवर बदामाचा एखादा वेढा उगाळून दिला म्हणजे बाळाला बदामाची सवय झाली, असे आजी खात्रीने सांगते, परंतु त्या वेढ्यातून किती प्रथिन पोटात गेले याचा काही हिशेब नसतो आणि पहिल्या सहा महिन्यांत आईच्या दुधाखेरीज काहीही न देण्याचा सल्ला तर आहेच. गुटीत बदाम चालला होता, म्हणून बदामाचा लाडू चालेल, असा निष्कर्ष काढू नये.

कोणते लक्षण किती गंभीर

तोंडाभोवतीची प्रत्येक लाली ॲलर्जीची नसते. टोमॅटो, संत्रे, चिंच यांचा आंबट रस नाजूक त्वचेला लागून ती लाल होते आणि अर्ध्या तासात मावळते. मूल त्या वेळी खेळत असते आणि गाल सोडून बाकी अंगावर काही नसते. याउलट पदार्थ जिथे लागलाच नाही अशा ठिकाणी, म्हणजे पोटावर, पाठीवर, मांड्यांवर, गांधी उठणे, म्हणजेच अंगावर पित्त उठणे, ओठ किंवा पापण्या सुजणे, खाल्ल्याबरोबर उलटी होणे, ही ॲलर्जीची लक्षणे मानावीत. ज्या लक्षणांना क्षणभरही थारा देऊ नये ती अशी: सतत येणारा खोकला, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज, रडण्याचा आवाज एकाएकी घोगरा होणे, जिभेला सूज, चेहरा पांढरा पडणे, आणि लहान मुलांत विशेषकरून, एकाएकी मलूल होऊन अंगाखांद्यावर लोळागोळा पडणे. दीड वर्षाचे मूल ‘घसा आवळल्यासारखा वाटतो’ असे सांगू शकत नाही. ते जीभ ओढते, कान ओरबाडते, चिडते किंवा एकदम गप्प होते. त्वचेवर एकही गांध नसताना श्वासाचा त्रास किंवा मलूलपणा आला, तरी तो गंभीरच समजावा.

या गंभीर प्रतिक्रियेला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात आणि तिच्यावर पहिले औषध एकच आहे: मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत दिलेले ॲड्रेनलिनचे इंजेक्शन. त्याची मात्रा वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे बारा किलोच्या मुलाला सुमारे ०.१२ मिलिग्रॅम असते आणि पाच ते पंधरा मिनिटांत सुधारणा दिसली नाही तर ती पुन्हा देता येते. घरात ठेवलेले सेट्रिझिनचे सिरप गांधी आणि खाज कमी करते, पण सुजणारा घसा किंवा घसरणारा रक्तदाब ते थांबवू शकत नाही. म्हणून सिरप पाजून वाट पाहत बसणे ही अशा प्रसंगी सर्वांत धोक्याची गोष्ट आहे. परदेशात पालकांजवळ असते तसे आपोआप टोचणारे ॲड्रेनलिनचे पेन आपल्याकडे औषधांच्या दुकानांत सहज मिळत नाही. त्यामुळे ज्यांच्या मुलाला गंभीर प्रतिक्रिया होऊन गेली आहे किंवा होण्याचा धोका आहे, त्यांना डॉक्टर ॲम्प्यूल, म्हणजे औषधाची छोटी काचेची कुपी, आणि बारीक सिरिंज जवळ ठेवायला सांगतात आणि ती कशी भरायची, कुठपर्यंत भरायची हे प्रत्यक्ष करून दाखवतात. हे शिकणे एकट्या आईवर सोडू नये. वडील, आजी-आजोबा आणि मुलाला सांभाळणारी बाई, या सर्वांनी साध्या पाण्याने सिरिंज भरून सराव केलेला असावा.

इंजेक्शन दिल्यावर मुलाला आडवे ठेवून पाय थोडे उंच करावेत. श्वासाचा त्रास असेल तर मांडीवर टेकून बसू द्यावे, उलटी होत असेल तर कुशीवर वळवावे, पण कडेवर उभे धरून घरभर फिरवू नये. १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी किंवा बालरोग विभाग चोवीस तास चालू असलेले जे रुग्णालय घरापासून सर्वांत जवळ असेल तिथे थेट न्यावे. ते रुग्णालय कोणते आणि संध्याकाळी राजवाड्याकडच्या गर्दीतून न जाता तिथे कोणत्या रस्त्याने पोहोचता येते, हे आधीच ठरवून ठेवणे शहाणपणाचे आहे. लक्षणे ओसरली तरी काही मुलांत काही तासांनी दुसरी लाट येते, त्यामुळे डॉक्टर थांबायला सांगतील तितका वेळ थांबावे.

तपासणीचा अर्थ कसा लावावा

ॲलर्जीच्या निदानात सर्वांत जास्त वजन असते ते घडलेल्या प्रसंगाच्या नेमक्या माहितीला. म्हणून पहिल्याच दिवशी कागदावर लिहून ठेवावे: काय खाल्ले, त्यात काय काय होते, साधारण किती चमचे, किती वाजता, पहिले लक्षण किती मिनिटांनी, कोणते, कोणते औषध दिले आणि लक्षण किती वेळात ओसरले. गांधींचे फोटो काढावेत, कारण डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत त्या बहुधा मावळलेल्या असतात. बदामाचे दूध बाजारचे असेल तर रिकामा डबा टाकून देऊ नये.

त्यानंतर डॉक्टर संशयित पदार्थाची त्वचेवरची चाचणी, म्हणजे हातावर किंवा पाठीवर थेंब ठेवून हलकेच टोचण्याची चाचणी, किंवा रक्तातल्या विशिष्ट आयजीईची तपासणी सांगतात. त्वचेची चाचणी या वयातही करता येते. तिच्या आधी काही दिवस सेट्रिझिनसारखी औषधे बंद ठेवावी लागतात. या दोन्ही चाचण्यांबद्दल एक गोष्ट मनात पक्की असावी, ती म्हणजे अहवाल पॉझिटिव्ह येणे आणि ॲलर्जी असणे यांत मोठे अंतर आहे. कर्नाटकात प्रौढांची जी पाहणी झाली आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात सुमारे २६ टक्के लोकांच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्ध आयजीई सापडले, पण खरी अन्नॲलर्जी असण्याचा संभव असलेले लोक जेमतेम १.२ टक्के होते. म्हणजे एकच रक्त काढून ऐंशी-शंभर पदार्थांची यादी तपासणारे पॅनेल करून घेतले, तर त्यातले पाच-दहा पदार्थ लाल अक्षरांत येणार, आणि पालक तूर, हरभरा, गहू, सोयाबीन असे जे मुलाला रोज पचत होते तेच बंद करणार. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलांच्या अहवालात इतर डाळी पॉझिटिव्ह दिसणे अगदी नेहमीचे आहे, तरी त्यांपैकी बहुतेक मुले वरण-भात सुखाने खातात. हरभऱ्याची खरी ॲलर्जी आपल्या देशात आढळते हे मान्य, पण ती चाचणीच्या आकड्यावरून नव्हे, मूल हरभरा खाल्ल्यावर काय होते यावरून ठरते. वीगन मुलाची डाळ केवळ कागदावरच्या आकड्यामुळे बंद करणे मला सर्वांत नुकसानकारक चूक वाटते. आयजीजी नावाच्या वेगळ्या प्रतिपिंडांची चाचणी आणि केसांवरून केलेली तपासणी यांचा तर अन्नाच्या ॲलर्जीशी काही संबंधच नाही. त्यांच्यावर पैसे खर्च करू नयेत.

प्रसंगाची माहिती आणि चाचणी यांचा मेळ बसत नसेल, तेव्हा अंतिम उत्तर मिळते ते रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पदार्थ अगदी थोड्या मात्रेपासून वाढवत खाऊ घालून. ही परीक्षा घरी करू नये. गालाला काजूची पेस्ट लावून पाहणे, हा शेजारून येणारा सल्लाही ऐकू नये. त्यातून कळत काही नाही आणि त्वचा मात्र चिडते.

ताटातली पोकळी कशी भरावी

एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १,००० किलोकॅलरी आणि १२ ते १३ ग्रॅम प्रथिने लागतात. पोट लहान असते आणि वीगन ताटात चोथा जास्त, स्निग्धांश कमी असतो, म्हणून मूल भरपूर जेवल्यासारखे दिसते आणि तरी ऊर्जा कमी पडते. दाणे आणि काजू ही कसर भरून काढत असतात. समजा, मूल दिवसभरात कूट, लाडू आणि चटणी मिळून १५ ग्रॅम दाणे खात होते. ते बंद झाल्यावर सुमारे ८५ किलोकॅलरी आणि जवळजवळ चार ग्रॅम प्रथिने ताटातून जातात. तेवढ्याच वजनाची मुगाची डाळ वाढवली तर प्रथिने जवळपास भरून निघतात, पण ऊर्जा पन्नासच्या आसपासच येते. म्हणून त्याच वरणात एक चमचाभर तेल जास्त घालावे लागते. हा चमचाभर तेलाचा हिशेब पालकांकडून हटकून राहतो, आणि वजनाचा काटा दोन-तीन महिने जागचा हलत नाही तेव्हा कुठे त्याचा शोध सुरू होतो.

दुधाच्या बाबतीत निवड सोपी आहे. बदामाच्या दुधात १०० मिलिलिटरमागे प्रथिने अर्ध्या ग्रॅमच्या आसपास असतात, तर सोयाबीनच्या दुधात सुमारे तीन ग्रॅम, त्यामुळे ॲलर्जी असो वा नसो, या वयात बदामाचे दूध हे मुख्य दूध होऊ शकत नाही. मूल सोयाबीन आधीपासून खात असेल तर कॅल्शियम आणि बी-१२ घातलेले, साखर नसलेले सोयादूध घ्यावे. माळव्यात आपण सोयाबीनच्या आगरातच राहतो. सोयाबीनवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था खंडवा रस्त्यावरच आहे आणि टोफू इथल्या डेअरीवर ‘सोया पनीर’ म्हणून मिळतो. घरी केलेले सोयादूध चांगले उकळून द्यावे, पण त्यात वरून घातलेले कॅल्शियम आणि जीवनसत्त्वे नसतात हे ध्यानात ठेवावे.

कुटाची जागा घेण्यासाठी घरी भाजलेले डाळे, सुके खोबरे आणि भोपळ्याच्या बिया यांची एकत्र पूड करून ठेवता येते. ती कोशिंबिरीत आणि भाजीत जवळजवळ कुटासारखीच मिळून येते. डाळे घरी भाजायचे, ते अशासाठी की भडभुंज्याच्या कढईत, त्याच तापलेल्या वाळूत, आधीचा घाणा शेंगदाण्याचा निघालेला असतो. तीळ हे कॅल्शियमचे उत्तम साधन, पण तिळाचीही तीव्र ॲलर्जी असते आणि मेव्याची ॲलर्जी असलेल्या मुलांत ती जास्त आढळते. मूल तिळगूळ आधीपासून खात असेल तर तीळ बारीक कुटून चालू ठेवावेत. कधीच खाल्ले नसतील तर डॉक्टरांना विचारून सुरू करावेत. जवस भाजून, दळून, चमचाभर रोज द्यावे. त्यातून ओमेगा-३ मिळते. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या पुढे कॅल्शियम असते आणि या वयाची रोजची गरज ५०० मिलिग्रॅम आहे, म्हणून नारळाच्या दुधातली नाचणीची खीर हे काजूच्या खिरीचे चांगले पर्यायी पक्वान्न आहे. बी-१२ मात्र यांपैकी कशातूनच मिळत नाही. ते थेंबांतून किंवा सिरपमधून नियमित द्यावेच लागते, आणि आई स्तनपान करत असेल व तीही वीगन असेल तर तिलाही घ्यावे लागते. त्याच्या अभावाने या वयात रक्तक्षय होतो, अंगाला कंप सुटतो, आणि चालू-बोलू लागलेले मूल मागे पडते. जीवनसत्त्व ड आणि लोह यांबद्दल डॉक्टरांशी बोलावे. थेंबांची बाटली घेताना वेष्टनावरचे घटक वाचावेत, कारण काही औषधांत वाहक म्हणून शेंगदाण्याचे तेल वापरलेले असते.

ज्यांना ॲलर्जी नाही अशांनाही, आणि ज्यांचा बदाम किंवा दाणा तपासणीत निर्धोक ठरला अशांनाही, पाच वर्षांपर्यंत अख्खा मेवा देऊ नये; तो श्वासनलिकेत अडकतो. पातळ केलेली पेस्ट किंवा बारीक पूड अन्नात मिसळून द्यावी. जो मेवा चालतो तो आठवड्यातून दोन-तीनदा तरी पोटात जात राहावा.

स्वयंपाकघर आणि बाहेरचे खाणे

घरातून दाणे हद्दपार करायचे की नाही, हे ॲलर्जी किती तीव्र आहे यावर ठरते. ठेवायचेच असतील तर सर्वांत जास्त लक्ष मिक्सरच्या चटणीच्या भांड्याकडे द्यावे. पात्याखालच्या फटीत आणि झाकणाच्या रबरी कडीत कूट साचून राहते आणि नुसते विसळून ते निघत नाही. कडी काढून साबणाने घासावी किंवा मुलासाठी वेगळे भांडे ठेवावे. हात साबणाने धुवावेत, कारण सॅनिटायझरने जंतू मरतात पण दाण्याचे प्रथिन हातावर तसेच राहते. शेजारी दाणे भाजण्याचा वास आला म्हणून घाबरू नये; वासात प्रथिन नसते. तेलाच्या बाबतीत रिफाइंड शेंगदाणा तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, घाणीच्या तेलात ते असते, म्हणून दाण्याची ॲलर्जी असलेल्या घरात घाणीचे तेल आणू नये.

पाकीटबंद पदार्थांवर शेंगदाणा आणि झाडाचा मेवा असल्यास तसे लिहिणे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल नियमांनुसार बंधनकारक आहे. त्या यादीत तीळ नाही, म्हणून तिळासाठी घटकांची पूर्ण ओळ वाचावी लागते. २०२२ पासून वीगन पदार्थांवर हिरवे व्ही असलेले चिन्ह येऊ लागले आहे. प्राण्यांपासून मिळणारे काही त्यात नाही, एवढेच ते चिन्ह सांगते, आणि वीगन चीज, वीगन आइसक्रीम, वीगन मिठाई यांचा पाया बहुतेक वेळा काजूच असतो. सुट्या मालाला तर लेबलच नसते. नमकीनच्या दुकानात एकाच पळीने शेव आणि दाण्याचे मिक्स्चर काढले जाते, सराफ्यातल्या, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातल्या, खिचडीच्या परातीत दाणे असतातच, पोह्यांच्या गाडीवरचा झारा दाण्याच्या आणि बिनदाण्याच्या पदार्थांत सारखाच फिरतो. मिठाईवरचे हिरवे काप पिस्त्याचे म्हणून विकले जातात आणि कधीकधी ते रंगवलेल्या दाण्यांचे निघतात, तसेच स्वस्त काजूकतलीत दाणे मिसळले जातात. अशा ठिकाणी लहान मुलाला काही न देणे हेच बरे. फळ किंवा घरचा डबा बरोबर असावा.

गणपतीतली खिरापत, संक्रांतीचा तिळगूळ आणि चिक्की, एकादशीची दाण्याची आमटी, हे प्रसंग जास्त कठीण, कारण तिथे देणारा माणूस प्रेमाने देत असतो आणि ‘एवढ्याशाने काय होतंय’ हे वाक्य ठरलेले असते. आरतीपूर्वीच यजमान काकूंना सांगून मुलासाठी केळे किंवा खडीसाखर बाजूला ठेवायला सांगावी. झूलाघरात (पाळणाघरात) आणि शेजारी देण्यासाठी एक कागद हिंदीत लिहून ठेवावा, कारण तिथली सांभाळणारी बाई मराठी वाचेलच असे नाही: मुलाचा फोटो, कोणता पदार्थ चालत नाही, कोणती लक्षणे दिसल्यावर काय करायचे, इंजेक्शन कुठे ठेवले आहे आणि कोणाला फोन करायचा.

शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या साधारण पाचांपैकी एका मुलाची आणि झाडाच्या मेव्याची ॲलर्जी असलेल्या दहांपैकी एका मुलाची ॲलर्जी वाढत्या वयात जाते. ती गेली का हे घरी चाखवून पाहायचे नसते. डॉक्टर वर्ष-दीड वर्षाने चाचणी पुन्हा करतात आणि आकडा उतरत असेल तर रुग्णालयात खाऊ घालून खात्री करतात. त्याच भेटीत वजन आणि उंचीचा आलेख, रक्तातले बी-१२ आणि लोह यांची तपासणी, तसेच वाढलेल्या वजनानुसार ॲड्रेनलिनची नवी मात्रा आणि ॲम्प्यूलची मुदत, एवढे सगळे एकदमच उरकून घ्यावे.